दोघांच्या मधला ठोका

संगीतातील साथीविषयी मराठीत जे लेखन होते, त्याच्या मुळाशी बहुधा एक ठरलेली बैठक असते: मध्यभागी गायक किंवा वादक, एका हाताला तबला, दुसऱ्या हाताला पेटी किंवा सारंगी आणि मागे तानपुरे. यांतील साथीदार कितीही तयारीचा असला, तरी तो उठून गेल्यावर मुख्य कलावंताची ओळ, थोडी उघडी पडून का होईना, शिल्लक राहते. यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘साथ’ हा विषय ठरवला, तेव्हा या बैठकीच्या चौकटीत न बसणाऱ्या एका वादनपद्धतीचा विचार करणे अगत्याचे वाटले. या पद्धतीत मुख्य आणि साथीदार असा भेदच नसतो. दोन किंवा अधिक वादक एकच ओळ आपसांत वाटून घेतात, एकाचा आघात दुसऱ्याने मोकळ्या ठेवलेल्या जागेत पडतो, आणि ऐकणाऱ्याला जी अखंड, दाट ओळ ऐकू येते ती त्यांपैकी कोणाच्याही हातात पूर्ण नसते. एक जण थांबला तर दुसऱ्याजवळ उरते ती ओळ नसून तिचे एकाआड एक तुकडे असतात.

इंडोनेशियातील जावा बेटावरच्या गामेलान या काशाच्या वाद्यवृंदात या पद्धतीला इंबाल म्हणतात आणि जगभरचे संगीताभ्यासक तिचा अभ्यास करत आले आहेत. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, मलकापूर आणि त्याच्या भोवतालच्या वाड्यावस्त्यांत, तीच मूळ कल्पना वेगळ्या साधनांनी आणि वेगळ्या सामाजिक परिस्थितीत वावरताना दिसते. मात्र तिच्याकडे त्या नजरेने क्वचितच पाहिले जाते. या दोहोंना शेजारी ठेवून पाहिले, तर लयीविषयीचे काही प्रश्न अधिक नेमके विचारता येतात.

घाटमाथ्याजवळचा नाद

कोल्हापुरातून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता सुमारे ४५ किलोमीटरवर मलकापुरात येतो आणि पुढे आंबा घाटाने कोकणात उतरतो. शाहूवाडी तालुक्यातली ही मोठी बाजारपेठ. शाळी आणि कडवी या नद्यांच्या खोऱ्यांतली भातशेती तिच्या अंगणाशी, विशाळगडाच्या बाजूचे डोंगर पाठीशी आणि त्या डोंगरांच्या कडेने विखुरलेले धनगरवाडे. १८४४च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर विशाळगडाची तटबंदी पाडण्यात आली, तेव्हा पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे मलकापुरात आले, आणि गडाखालचे हे गाव कारभाराचे ठिकाण बनले. बाजाराच्या दिवशी डोंगरातला माणूस आणि घाटाखालचा माणूस इथे एकाच रस्त्यावर भेटतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची वाद्येही.

या टापूत वर्षभर जे सामूहिक वादन कानावर पडते, ते सगळे एका जातीचे नाही, आणि हा भेद आधी लक्षात घेतला नाही तर पुढचे विवेचन भरकटते. एकादशीच्या भजनात पंधरा-वीस टाळकरी उभे असले, तरी सगळ्यांचे टाळ एकाच क्षणी मिळतात. पखवाज त्यांना ठेका देतो आणि टाळ त्या ठेक्याची धार वाढवतात. धनगरी गजनृत्यात पांढऱ्या अंगरख्यातले, हाती रंगीत रुमाल घेतलेले गडी ढोलाच्या तालावर फेर धरतात. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत असे ढोल मोठ्या संख्येने एकत्र येतात, तेव्हा त्यांची ताकद सगळ्यांचा आघात एकवटण्यात असते. शहरांतली ढोल-ताशा पथकेही मुख्यतः याच तत्त्वावर उभी आहेत: ढोलांचा मोठा जमाव एक ठोका देतो आणि ताशांची बारीक भरणी वरून धावते. या वादनाला एकवट म्हणता येईल. इथे माणसे वाढली की आवाज वाढतो, पण लयीची रचना तीच राहते, आणि वीसातले दोन ढोल गळाले तरी ऐकणाऱ्याला कळत नाही.

गुंफणीच्या वादनाचे गणित याच्या उलट आहे. इथे प्रत्येकाचा वाटा वेगळा, म्हणून प्रत्येक जण अपरिहार्य. अशी गुंफण मलकापूर परिसरात दोन ठिकाणी स्पष्टपणे आढळते: एक, आता जवळजवळ थांबलेल्या कांडणाच्या कामात, आणि दोन, हलगी, घुमके आणि कैताळ यांच्या ताफ्यात.

उखळ आणि लेसुंग

भात पिकवणाऱ्या प्रदेशात गुंफणीची पहिली शाळा उखळाभोवती भरत असे. दोघी किंवा तिघी बाया एकाच उखळात भात कांडतात, तेव्हा एकीचे मुसळ खाली पडत असताना दुसरीचे वर उचललेले असावे लागते. दोन्ही एकदम खाली आली तर मुसळावर मुसळ आपटते, भात उडतो आणि हात दुखावतो. एकटी बाई ज्या गतीने कांडते, त्याच गतीने प्रत्येकीचा हात चालतो, पण उखळातून उमटणारा ठोका दुपटीने किंवा तिपटीने जलद होतो. काम लवकर उरकते, दम कमी लागतो. कोणी शिकवलेली ही कला नव्हे. लयीत एकमेकींच्या मध्ये पडणे ही कामाची आणि सुरक्षिततेची गरज होती, आणि तिच्यातून उमटणारा एकसंध नाद हा त्या गरजेचा परिणाम. भाताच्या गिरण्या आल्यावर हे कांडण घरांतून उठले. लग्नघरी घाणा भरताना आंब्याची पाने बांधलेली मुसळे सुवासिनींच्या हाती येतात, तेवढ्यापुरता त्याचा विधी उरला आहे. त्यात नेम आहे, पण पूर्वीचा वेग नाही.

जावातही याच टप्प्यावर हीच गोष्ट घडली, पण तिने पुढे वेगळे वळण घेतले. तिथला लेसुंग म्हणजे होडीसारखा लांबट, लाकडात कोरलेला कांडणाचा हौद. त्याच्याभोवती पाच-सहा बाया उभ्या राहून आपापल्या मुसळाने त्याच्या कडांवर, बगलांवर आणि पोटात निरनिराळे आघात करत, आणि लाकडाच्या जाडीप्रमाणे प्रत्येक जागेचा आवाज वेगळा येई. धान्य नसतानाही केवळ नादासाठी हे वादन होऊ लागले आणि गिरण्या आल्यावरही ते गेजोग लेसुंग या नावाने टिकले. चंद्रग्रहण लागले की लेसुंग बडवून चंद्राला सोडवण्याची चाल तिथे होती. त्यामागची कथा मराठी वाचकाला अर्धी ठाऊकच आहे: अमृत चोरून पिणाऱ्या असुराचे शीर उडवले गेले आणि ते आकाशात चंद्राला गिळू पाहत राहिले; जावातल्या कथेत पुढे असे येते की, त्याचे धड पृथ्वीवर पडून त्याचाच लेसुंग झाला, म्हणून तो बडवला की शिराला वेदना होतात. समुद्रमंथनाची कथा इतक्या दूर जाऊन भाताच्या उखळाशी जोडली गेली, याचे मोल केवळ गमतीपुरते नाही. कामाची लय, विधी आणि संगीत यांच्यामधल्या भिंती त्या समाजात किती पातळ होत्या, हे तिच्यातून कळते. आणि कांडणाची लय आपल्याकडे विधीत शिरली, पण वाद्यसंगीतापर्यंत का पोहोचली नाही, हा प्रश्न तिच्यामुळे उभा राहतो.

इंबालची रचना

गामेलान हा सुट्या वाद्यांचा संच नव्हे, तर एकत्र घडवलेली आणि एकत्रच जुळवलेली एक वस्तू आहे. काशाच्या ओतीव आणि ठोकीव वाद्यांचा हा वृंद साधारण १० भाग तांबे आणि ३ भाग कथिल अशा मिश्रणातून घडतो. एका संचातले वाद्य दुसऱ्या संचात चालत नाही, कारण प्रत्येक संचाचे स्वरांतर त्याचे स्वतःचे असते. स्लेंद्रो ही पाच स्वरांची आणि पेलोग ही सात स्वरांची, अशा दोन स्वरव्यवस्थांत ही वाद्ये जुळवली जातात. स्लेंद्रोचे स्वर १, २, ३, ५, ६ अशा आकड्यांनी लिहिण्याचा प्रघात आहे आणि त्यात ४ हा आकडा वापरला जात नाही.

या वृंदात कामाची वाटणी थरांनी होते. सर्वांत खोल आवाजाचा मोठा गोंग आवर्तनाचा शेवट दाखवतो. केनोंग आणि केंपुल ही लहान घंटावाद्ये त्या आवर्तनाचे मधले टप्पे खुणावतात. सारोन नावाच्या, लाकडी पेटीवर काशाच्या पट्ट्या बसवलेल्या वाद्यांवर धुनीचा सांगाडा वाजतो. आणि त्याच्या वर बोनांग, गेंदेर, गांबांग अशी वाद्ये दाट भरणी करतात. हाताने इशारे करणारा संचालक नसतो. केंदांग हा दोन तोंडांचा मृदंगासारखा ढोल वाजवणारा वादक लय बांधतो, सैल करतो, थांबवतो, आणि बाकीचे सगळे त्याच्या आघातांकडे कान लावून असतात.

इंबाल या भरणीच्या थरात येते. बोनांग म्हणजे चौकटीत ताणलेल्या दोऱ्यांवर उपडी मांडलेली, मध्ये उंचवटा असलेली काशाची भांडी. बोनांग बारुंग आणि बोनांग पानेरुस अशी तिची दोन रूपे वृंदात असतात. इंबाल सुरू झाली की बारुंगवादक, उदाहरणार्थ, १ आणि ३ हे स्वर मात्रांवर आलटून पालटून वाजवतो, आणि पानेरुसवादक २ आणि ५ हे स्वर मात्रांच्या बरोबर मधल्या जागेत टाकतो. दोघांपैकी कोणाचेही काम अवघड नाही. दोन स्वर सारख्या अंतराने वाजवायचे, एवढेच. ऐकू मात्र येते १-२-३-५, १-२-३-५ अशी, दुप्पट वेगाने चढणारी एक सलग ओळ. वाक्याचा शेवट जवळ आला की ही गुंफण सुटते आणि दोघेही सेकारान या नावाच्या छोट्या फुलोऱ्याने ठरलेल्या न्यासस्वरावर येऊन पोहोचतात. मग पुन्हा गुंफण. यंत्रासारखी नियमित वीण आणि तिला अधूनमधून फुटणारा मोकळा फुलोरा, या आळीपाळीतच तिचे सौंदर्य आहे.

सारोनच्या जोडीवर, विशेषतः त्यातल्या खालच्या सप्तकाच्या देमुंग या वाद्यावर, हीच पद्धत अधिक जोरकस होते. इथे एक बारीक पण निर्णायक कौशल्य लागते. काशाची पट्टी एकदा वाजली की बराच वेळ घुमत राहते, म्हणून वादक उजव्या हातातील लाकडी हातोडीने नवी पट्टी वाजवताना त्याच क्षणी डाव्या हाताच्या चिमटीने आधीची पट्टी धरून तिचा नाद बंद करतो. एकट्याच्या वादनात ही चिमूट थोडी उशिरा पडली तर स्वर किंचित मिसळतात, एवढेच. पण इंबालमध्ये ती उशिरा पडली तर आपला शिल्लक नाद जोडीदाराच्या स्वरावर चढतो आणि वीण गढूळ होते. वाजवणे जितके महत्त्वाचे तितकेच वेळेवर गप्प करणे महत्त्वाचे, ही शिस्त दुसऱ्यासाठी पाळायची असते.

शेजारच्या बाली बेटावर याच कल्पनेने टोक गाठले. तिथल्या कोतेकान या प्रकारात पोलोस आणि सांगसिह असे दोन पूरक वाटे असतात, आणि दोघांची मिळून गती इतकी वाढते की एका हाताने ती ओळ वाजवणे शरीराला शक्य होऊ नये. जावातल्या राजदरबारी वादनात असा वेग हे ध्येय नाही. तिथे इरामा या संकल्पनेनुसार धुनीचा सांगाडा संथ होत जातो, त्याच्या दोन स्वरांमधले अंतर दुप्पट, चौपट होते, आणि भरणीची वाद्ये आपली गती जवळजवळ तशीच ठेवून त्या वाढलेल्या अंतरात दुप्पट, चौपट स्वर मांडतात. आपल्याकडे ठाय-दुगुन-चौगुनीत आवर्तन कायम राहते आणि बोलांची दाटी वाढते. तिथे दाटी कायम राहते आणि आवर्तन लांबत जाते. दोन्हीकडे गणित एकच, पण ऐकणाऱ्याचा अनुभव पार वेगळा: एकीकडे चढत जाणारा ताण, दुसरीकडे पसरत जाणारा अवकाश.

हलगी, घुमके, कैताळ

कोल्हापूर भागातील जत्रा, वराती आणि कुस्तीची मैदाने ज्या नादाने ओळखली जातात, तो चार-पाच जणांच्या ताफ्याचा असतो. हलगी हे कड्यावर कातडे ताणलेले, उथळ, एका तोंडाचे वाद्य. ते खांद्यावरून अडकवून कमरेशी धरले जाते आणि उजव्या हातातील टिपरू व डाव्या हातातील बारीक लवचीक काडी यांनी वाजते. टिपरूचा ठोका भरीव आणि काडीचा चटका टोकदार, त्यामुळे एकाच हलगीवर एकाच माणसाच्या दोन हातांतही एक छोटी गुंफण चाललेली असते. घुमके हे गळ्यात आडवे अडकवलेले ढोलकीवजा चर्मवाद्य. त्याच्या कातड्यावर काठीचा आघात आणि घर्षण करून लांबणारा घुमारा काढतात. कैताळ म्हणजे जाड पितळी झांजांची जोडी. तिचा कडक आवाज या दोहोंच्या वर तरंगतो.

वादनापूर्वीचा विधी लयीइतकाच महत्त्वाचा आहे. कागद, पाचट किंवा पालापाचोळा पेटवून हलगी शेकली जाते, कातडे ताणले जाते, आणि अधूनमधून टिचकी मारून वादक त्याचा चढलेला आवाज पारखतो. शाहूवाडीच्या पावसाळी, दमट हवेत हा ताण फार वेळ टिकत नाही. वाजवता वाजवता कातडे उतरते, हलगीचा टोकदारपणा बोथट होतो आणि घुमक्याच्या खोल आवाजापासून तिचे अंतर कमी होऊ लागते. अशा वेळी वादक पुन्हा जाळाकडे जातो. गामेलानचे कासे हवामानाने फारसे बदलत नाही, म्हणून तिथली जुळवणी वर्षानुवर्षांची असते. इथली जुळवणी दर थोड्या वेळाने नव्याने करावी लागते. कृत्रिम फायबरचे तोंड बसवलेल्या हलग्यांनी ही कटकट मिटवली आहे, पण त्यांचा आवाज कातड्यासारखा दर प्रसंगी बदलत नाही, आणि त्या बदलाला प्रतिसाद देण्याची वादकांची सवयही त्यामुळे सुटत चालली आहे.

ताफ्यात दोन हलग्या असल्या की त्यांची कामे आपोआप विभागली जातात. एक हलगी ठेका धरून ठेवते, दुसरी त्या ठेक्यातल्या मोकळ्या जागा हेरून त्यांत भरणी करते, आणि काही आवर्तनांनंतर एका नजरेच्या इशाऱ्यावर दोघे कामे बदलतात. घुमके दोघांच्या खाली लांब श्वास धरून असते. त्याचा घुमारा जिथे दबतो, तिथेच हलगीची कडकड उठून दिसते. कैताळ बहुतेक वेळा मात्रेच्या मागच्या अंगाला पडतो, त्यामुळे चालणाऱ्याचे पाऊल आणि नाचणाऱ्याची उडी या दोघांनाही जागा मिळते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत उंच सासनकाठी तोलत नाचणाऱ्यांना ही जागा नेमकी लागते: पाऊल जमिनीवर टेकले की काठीचा तोल सावरायला अर्धी मात्रा हवी असते, आणि ती अर्धी मात्रा ताफ्याने रिकामी सोडलेली असते.

कुस्तीच्या मैदानात हीच रचना दुसऱ्या कारणासाठी कामाला येते. छत्रपती शाहू महाराजांनी उभारलेल्या आणि १९१२ मध्ये खुल्या झालेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानापासून ते गावोगावच्या जत्रांतल्या आखाड्यांपर्यंत, हलगी ही कुस्तीची निवेदक असते. पैलवान सलामीला उभे राहतात तेव्हा ठेका मोकळा असतो. खडाखडी वाढली की दुसरी हलगी मोकळ्या जागा भरू लागते. डाव पकडला गेला की जागाच उरत नाहीत आणि नाद एका सलग धारेसारखा होतो. ठेक्याची मूळ गती या काळात फारशी वाढत नाही. वेग वाढल्याचा भास होतो तो दाटीमुळे, आणि जावातल्या इरामाशी या ताफ्याचे जवळचे नाते जुळते ते नेमके इथे. गती आणि दाटी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे दोन्हीकडच्या वादकांना ग्रंथाशिवाय कळलेले आहे.

कान काय करतो

दोघांनी वाटून वाजवलेली ओळ ऐकणाऱ्याला एकाचीच का वाटते, या प्रश्नाचे उत्तर वाद्यात नसून श्रवणात आहे. १९७०च्या दशकात डच संशोधक लेऑन फान नूर्डेन यांनी आणि कॅनडातील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्रेगमन यांनी या विषयावर जे प्रयोग मांडले, त्यांचे सार असे: आलटून पालटून येणारे दोन स्वर उंचीने जवळचे असतील तर कान त्यांना एका प्रवाहात जोडतो, ते उंचीने दूर असतील आणि गती पुरेशी जलद असेल तर तोच कान त्यांचे दोन प्रवाह करतो, आणि मग एकाच वादकाने वाजवलेली ओळही दोघांनी वाजवल्यासारखी भासते.

या कसोटीवर जावाची इंबाल आणि कोल्हापूरचा ताफा या एकाच तत्त्वाच्या दोन टोकांच्या शक्यता ठरतात. देमुंगची जोडी एकाच घडणीची, एकाच सप्तकातली आणि एकाच पोताच्या आवाजाची. तिथे दोन माणसे विरघळून एक ओळ तयार व्हावी, हाच हेतू. हलगी, घुमके आणि कैताळ यांचे आवाज उंचीने आणि पोताने एकमेकांपासून इतके दूर की कान त्यांना विरघळू देत नाही. तो तीन थर वेगळे ऐकतो आणि त्या थरांच्या परस्परांवर पडणाऱ्या सावल्यांतून चौथी, कोणीच न वाजवलेली चाल उभी करतो. युगांडातील आमादिंदा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर समोरासमोर बसून वाजवणाऱ्या वादकांच्या संगीतातही, ऑस्ट्रियन अभ्यासक गेरहार्ट कुबिक यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, अशा न वाजवलेल्या चाली ऐकू येतात. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत सिकू या वेळूच्या बासरीचे स्वर मुळातच दोन वादकांत वाटलेले असतात, आणि जोडीदाराशिवाय साधी धूनही पूर्ण होत नाही.

यावरून एक मत मांडावेसे वाटते. गुंफणीत माणसांचे विरघळणे म्हणजेच तिची परिपूर्ती, असे जे गामेलानच्या प्रशंसेत वारंवार सुचवले जाते, ते अपुरे आहे. हलगीच्या ताफ्यात कोणी विरघळत नाही. प्रत्येकाचा आवाज ओळखू येतो आणि तरीही कोणी एकटा पुरत नाही. सहकार्याची ही दुसरी तऱ्हा पहिलीपेक्षा कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही.

एकाच तबकडीवर

१९७७ साली अवकाशात गेलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील ध्वनींची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली आहे. तिच्यावर केसरबाई केरकर यांची भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही सुमारे साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका आहे, आणि त्याच तबकडीवर योग्यकर्ता येथील पाकू आलमान दरबारातला गामेलानवृंद ‘पुष्पवर्ण’ ही रचना वाजवतो. दोन्हींच्या निवडीमागे रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीताभ्यासकाचा सल्ला होता. जावातले ध्वनिमुद्रणही त्यांनीच केलेले. गोव्यातील केरी गावच्या केसरबाईंना तालीम दिली ती शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिलेल्या उस्ताद अल्लादिया खाँ यांनी, त्यामुळे मलकापूरपासून दीड तासाच्या रस्त्यावर रुजलेली गायकी आणि जावाची गुंफण यांचा प्रवास सध्या एकत्र चालू आहे.

‘पुष्पवर्ण’ ही केतावांग या प्रकारातील रचना असून तिचे गोंगाचे आवर्तन १६ मात्रांचे आहे. तीनतालाचे आवर्तनही १६ मात्रांचेच. पण आपली सम पहिल्या मात्रेवर आणि जावातील गोंग शेवटच्या मात्रेवर. तीनतालात सगळी वाट समेपासून निघते आणि समेकडे परतते, तर केतावांगमध्ये पहिल्या पंधरा मात्रा सोळावीची पूर्वतयारी असतात. मराठी कानाने गामेलान ऐकताना सुरुवातीला ताल निसटल्यासारखा वाटतो त्याचे कारण हेच. गोंगालाच सम मानून मोजायला लागले की आवर्तन एका मात्रेने सरकते आणि मग सगळ्या गुंफणी चुकीच्या जागी ऐकू येतात. गोंग हा पूर्णविराम आहे, एवढे ध्यानात ठेवले की घडी बसते.

मान आणि सक्ती

दोन्ही परंपरांचे तंत्र जवळचे असले, तरी त्यांना मिळालेली सामाजिक जागा परस्परविरुद्ध आहे, आणि या लेखाच्या विषयात हा भेद वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १७५५च्या गियांती तहाने मातारामचे राज्य विभागले गेल्यावर सुराकार्ता आणि योग्यकर्ता ही दोन दरबारी केंद्रे झाली आणि गामेलान त्यांच्या प्रतिष्ठेचा भाग बनले. वादकांना दरबारातील पदव्या आणि नावे मिळाली, वाद्यसंचांना स्वतःची आदराची नावे दिली गेली, आणि वाद्यावरून पाय टाकून जाणे आजही तिथे अशिष्ट समजले जाते. २०२१ मध्ये युनेस्कोने गामेलानला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

हलगी मात्र गावगाड्यात विशिष्ट जातींच्या माथी मारलेले काम होते. मेलेल्या जनावराचे कातडे ज्यांनी ओढायचे, त्यांनीच ते मढवायचे आणि त्यांनीच देवाच्या पालखीपुढे, पण देवळाच्या बाहेर राहून वाजवायचे, अशी ती व्यवस्था. कोल्हापूर संस्थानातल्या माणगाव येथे २१ आणि २२ मार्च १९२० रोजी भरलेल्या परिषदेत शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले, आणि त्यानंतरच्या आंबेडकरी चळवळीत अनेक कुटुंबांनी गावकीची कामे सोडली, त्यांत वाजवणेही सोडले. हा निर्णय कलेचा तोटा म्हणून मोजणे गैर आहे. ज्या वादनात वाजवणाऱ्याला नकार देण्याची मुभा नव्हती, त्यातले परस्परावलंबन हे संगीतापुरतेच समतेचे होते. ठेका संपला की समता संपत असे. आज जी मंडळी ताफे चालवतात, सुपारी ठरवून घेतात, मैदानात मानाने बोलावली जातात, ती हे वाद्य नव्या अटींवर वाजवत आहेत, आणि त्या अटी टिकल्या तरच त्या वादनाला भविष्य आहे.

ध्वनिवर्धकांच्या भिंती आणि एका माणसाने बोटांनी चालवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड यांनी मिरवणुकीतला ताफा मागे सारला, ही तक्रार नेहमीची आहे आणि ती बहुधा आवाजाच्या पातळीपुरती मांडली जाते. खरा फरक रचनेत पडतो. पॅडवर हलगीचा, घुमक्याचा आणि कैताळाचा आवाज मिळतो, पण तिन्ही आवाजांमागे एकच मन असते. दुसऱ्याने अर्धी मात्रा उशीर केला म्हणून पहिल्याने जागा सोडणे, ही घटनाच तिथे संभवत नाही.

नोंदीची रीत

डॉ. अशोक दा. रानडे यांनी ‘लोकसंगीतशास्त्र’ या ग्रंथातून १९७५ मध्ये लोकसंगीताकडे शास्त्राच्या नजरेने पाहण्याची वाट मराठीत घालून दिली. हलगीच्या ताफ्यासाठी ती वाट पुढे नेताना पहिली अडचण लेखनाची येते. जावातही ती होतीच: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुराकार्तात रूढ झालेली आकड्यांची स्वरलिपी धुनीचा सांगाडाच लिहिते, इंबाल लिहीत नाही, ती कशी गुंफायची हे वादकाने प्रसंग पाहून ठरवायचे, आणि त्या ठरवण्याला गारप असे नाव आहे. शिकणाराही एका वाद्याला चिकटून राहत नाही, वृंदातली अनेक वाद्ये फिरून वाजवतो, म्हणजे जोडीदाराच्या जागेवरून आपला वाटा कसा ऐकू येतो हे त्याला कळते. मलकापूरकडच्या ताफ्यांत हलगीवाला गरजेला घुमके उचलतो, त्यामागे हीच समज आहे.

एका ध्वनिग्राहकाने संपूर्ण ताफा मुद्रित केला तर हाती येतो तो एकत्रित परिणाम. वाटणी त्यातून सुटी करता येत नाही. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात बांदा-लिंदा लोकांचे शिंगवादन अभ्यासताना सिम्हा आरोम यांच्यापुढे हाच पेच होता, कारण तिथे प्रत्येक शिंग एकच स्वर वाजवते आणि डझनभर शिंगांची गुंफण एकाच वेळी कानावर कोसळते. १९७०च्या दशकात त्यांनी उपाय काढला: आधी सगळ्यांचे एकत्र मुद्रण करायचे, मग ते कानाला लावलेल्या हेडफोनमधून एकेका वादकाला ऐकवायचे आणि त्याने ऐकता ऐकता फक्त आपला वाटा वाजवायचा, तो वेगळा मुद्रित करायचा, पुढच्या वादकाला आधीच्याचा वाटा ऐकवायचा. अशा सुट्या पट्ट्या एकाखाली एक मांडल्या की कोण कोठे थांबतो, हे कागदावर उतरते.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे, आणि आजचे साधे मुद्रणयंत्रही चार पट्ट्या वेगळ्या राखू शकते, त्यामुळे शाहूवाडी तालुक्यातल्या ताफ्यांसाठी हे काम आवाक्याबाहेरचे नाही. ते करताना तीन गोष्टी पाळाव्या लागतील. मुद्रण बंदिस्त खोलीत न करता जाळाजवळ, उघड्यावर व्हावे, कारण हलगी मध्येच शेकावी लागेल आणि शेकण्यापूर्वीचा व नंतरचा ठेका दोन्ही नोंदले गेले पाहिजेत. एकाच ताफ्याचे पालखीचे, वरातीचे आणि कुस्तीचे वादन निरनिराळे घेतले पाहिजे, कारण मोकळ्या जागा कोणासाठी सोडल्या आहेत हे प्रसंगाशिवाय कळत नाही. आणि वादकांना मोबदला, मुद्रणावर हक्क आणि प्रत्येक पट्टीवर स्वतःचे नाव हे तिन्ही मिळाले पाहिजे, घुमकेवाल्यालाही, ज्याचे नाव ताफ्याच्या सुपारीतही बहुतेक वेळा शेवटी येते.